सोबत न्यायचं सामान

“होबे ना,” मुखर्जी तिसऱ्यांदा म्हणाला. चालणार नाही, म्हणजे नाही.

शेजारच्या टेबलामागून श्रीधर टिल्लूनं मान वर केली. पहाटे पाचपासून तो दमदमच्या विमानतळावर माणसं आणि ट्रंका वजनकाट्यावर चढवत होता. डोक्यावरचा पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. नागपूरचं विमान सुटायला चाळीस मिनिटं होती.

मुखर्जीसमोर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू. पायाशी ट्रंक, हातात वेताची टोपली आणि हमालाच्या खांद्यावर एक लांबट लाकडी पेटी. पेटीत दुनळी बंदूक आहे, हे त्यांनीच आपणहून सांगितलं होतं. परवाना यजमानांच्या नावाचा आहे, यजमान नागपूरला आहेत आणि काडतुसं टोपलीत देवांच्या डब्याशेजारी आहेत, हेही त्यांनीच मोडक्या हिंदीत सांगून टाकलं होतं.

मुखर्जीनं छापील नियमांवर बोट ठेवलं. परवान्याचा धनी स्वतः हजर हवा, नाहीतर त्याचं लेखी पत्र. काडतुसं सोबतच्या सामानात बिलकुल नाहीत. शिवाय वैमानिकाची संमती.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाद घातला नाही. मुखर्जीला नमस्कार केला आणि सामान परत टॅक्सीत ठेवायची हमालाला खूण केली.

श्रीधरला ते बघवेना. त्याचा जन्म बालीगंजातला. वडील बँकेत होते तोवर घरी मराठी बोलणं व्हायचं. ते गेल्यापासून महिनोन् महिने कानावर शब्द पडत नसे.

“काकू, इकडे या,” तो म्हणाला. “मी बघतो काय ते.”

बाई थबकल्या. मराठी ऐकून परमुलुखात माणसाचा चेहरा उजळतो, तसा त्यांचा उजळला नाही. फार दमल्या असाव्यात, असं त्याला वाटलं.

“नियम आहे म्हणाले ते,” बाई म्हणाल्या.

“नियम माणसांसाठीच असतात हो. बसा.”

त्यानं चहा मागवला. त्यांनी कप बाजूला सारला. आज उपास होता, दिवा लागेपर्यंत पाणीही नव्हतं. यजमानांसाठी का, असं त्यानं विचारलं. घरासाठी, असं त्या म्हणाल्या.

यजमानांचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी परवान्यावरच्या नावावर बोट ठेवलं. श्यामकांत देवधर, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बदली होऊन कलकत्त्यात आल्याला चार वर्षं झाली होती. सध्या रजेवर, नागपूरजवळच्या गावी.

“पत्र काही आहे त्यांचं?”

बाईंनी आधी टोपलीचं झाकण नीट लावलं. मग कमरेच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. श्रीधरनं एकेक अक्षर लावत वाचलं. शेताच्या वाटणीची मोजणी रविवारी. शरद येणार आहे. त्याआधी बंदूक हाती हवी, काडतुसांसह. घेऊन तू ये. खाली सही.

“शरद म्हणजे?”

“माझे धाकटे दीर.”

“सख्खे भाऊ, आणि ही वेळ!” श्रीधर हळहळला. “एकटे आहेत का हो काका तिथं?”

“एकटेच आहेत. राग वाईट असतो,” बाई म्हणाल्या.

श्रीधरनं मान हलवली. एक वयस्क माणूस, शेतातलं घर आणि दाराशी चालून येणारा भाऊ, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यानं पोस्टकार्ड परवान्याला टाचलं आणि वर शिक्का मारला.

“झालं. हेच लेखी पत्र. ‘घेऊन तू ये’, आणखी काय हवं?”

“पण ते तुमच्या कंपनीला लिहिलेलं नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

“माझ्या दृष्टीनं आहे.” तो हसला. मुखर्जीनं कपाळावर हात मारून घेतला.

काडतुसं टोपलीतून काढून श्रीधरनं एका पत्र्याच्या डब्यात घातली आणि डब्याला लाखेचं सील केलं. बाई बघत होत्या. काडतुसं इथंच राहिली तरी चालतील, असं त्यांनी सुचवून पाहिलं. त्यावर तो म्हणाला, काडतुसांशिवाय बंदूक म्हणजे काठीच, ती नेऊन काकांना काय उपयोग? सामान चौदा पौंड जास्त भरलं. त्यानं काट्याकडे बघितलं नाही.

मग तो स्वतः वैमानिकाकडे गेला. वैमानिक आधी नाहीच म्हणाला. परक्या बाईची बंदूक आपण नेणार नाही. श्रीधरनं सांगितलं की परकी नाही, माझी सख्खी काकू आहे. परत आल्यावर त्यानं हे हसत हसत बाईंना सांगितलं, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

“तसं नाही, हे त्यांना सांगून या,” त्या म्हणाल्या. “माझ्यापायी खोटं नको.”

“सांगितलं तर बंदूक खाली उतरवतील काकू.”

“उतरवू देत.”

इतकं खरं वागणारं माणूस त्यानं या टेबलावर बघितलं नव्हतं. अशा माणसाचं काम अडू द्यायचं नाही, हे त्याचं आणखी पक्कं झालं. पाप लागलं तर मला लागेल, म्हणत त्यानं त्यांची टोपली उचलली आणि तो उन्हात चालू लागला. बाई मागून आल्या. पावलं जड होती. विमानाच्या पोटात लांबट पेटी आणि पत्र्याचा डबा आत सरकवून हमालांनी दार लावून घेतलं, ते दोघांनी पाहिलं.

आता सगळं पार पडलं होतं. श्रीधरला मोकळं वाटलं. जिन्यापाशी टोपली त्यांच्या हाती देताना त्यानं सहज विचारलं,

“पण काकू, परवाच्या मेलनं हावड्याहून निघाला असतात तर काल पोचला असतात. तिथं बंदुकीचं कुणी विचारलंही नसतं. मग विमान कशाला?”

बाई दोन पायऱ्या चढल्या होत्या. तिथंच थांबल्या.

“तिथं कुणी विचारलं नसतं, म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांचा होता शरद, तेव्हापासून माझ्या हातचं जेवलाय. मला वाटलं होतं, इथं तरी अडवतील.”