न दुखलेलं दुखणं

डॉक्टर तडवी पडदा सारून बाहेर आले. "वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा तुटलाय. काढावंच लागेल."

"पण त्याला काही दुखलंच नाही हो!" मंदाकिनी म्हणाली.

"तेच तर. दुखलं असतं तर काल जेवता जेवता उठून आला असता. चार-सहा तासांत पीळ सोडवला, तर बहुतेकदा वाचतं."

लेकराला कधी काही दुखू नये म्हणून शार्दूलच्या मणक्यात मंदाकिनीने बारशाआधीच वेदना थांबवणारी चिप बसवून घेतली होती. काल त्याला उलट्या झाल्या, तेव्हा तिने ओव्याचं पाणी दिलं. रात्री सूज आली, पण सतरा वर्षांचा मुलगा ती आईला दाखवायला लाजला.

शस्त्रक्रियेनंतर चिप बंद करायला त्यानेच सांगितलं. "शरीर काय सांगतंय ते मला कळू दे, आई."

चिप बंद झाली आणि टाक्यांची कळ थेट त्याच्या मस्तकात गेली. तो किंचाळला. मंदाकिनीने घाबरून त्याचा हात धरला.

"कुठे दुखतंय रे, बाळा?"

आई झाल्यापासून हे तिने कधीच विचारलं नव्हतं.