राक्षस कुठल्या पक्षाचा

चिंचवडच्या एका सोसायटीत कुसुमताई दर रविवारी पोथी शिकवत. पोथीत राक्षस आला की कंपनीतून निवृत्त झालेले ज्योतीराम हमखास विचारायचे, "ताई, हा कुठल्या पक्षाचा?" लगेच गावठाणातले दादासाहेब म्हणायचे, "तुमच्याच की राव, दुसऱ्या कुनाच्या?" सगळा वर्ग हसायचा, सगळ्यांत जास्त ज्योतीराम. "ही पोथी आहे, चावडी नाही," म्हणत कुसुमताई डोळे वटारायच्या.

महापालिकेच्या निवडणुकीत ज्योतीराम आणि दादासाहेबांचं वाजलं. तेव्हापासून ते सतरंजीच्या दोन टोकांना बसू लागले, आणि बाकीचेही आपापली बाजू बघून. पोथी अगदी शांततेत चालू लागली.

आज पुन्हा राक्षस आला. कुसुमताई वाचता वाचता थांबल्या. शेवटी ताईंनीच हसत म्हटलं, "अहो, आज कुणी विचारणार नाही का, हा कुठल्या पक्षाचा ते?"

"त्यात इचारायचं काय?" दादासाहेबांनी ज्योतीरामांकडे बोट दाखवलं. "त्यांच्याच."

कुणीच हसलं नाही. दादासाहेबांच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.