बिनहवेचं गाणं

साल अठ्ठेचाळीस. हिंगोलीचे रंगनाथ मास्तर सरगम पुरी झालेल्या पोरांसाठी पेटीवरची गाणी निवडत. एक भजन, एक गझल, एक लावणी आणि बँडवाल्यांची एखादी कवायतीची चाल. आणखी एक गाणं होतं, देशाचं. ते मास्तर कुणाला शिकवत नसत, एकटेच बसवत. तेच गाणं गुणगुणलं म्हणून शेजारच्या माणिकरावाला रझाकारांनी ओढून नेलं होतं. तो परतला नव्हता.

म्हणून मास्तर डावा हात मांडीवर ठेवत आणि भात्याला शिवत नसत. हवा नाही, म्हणून आवाज नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी पट्ट्यांवर फिरत.

"हे कसलं वाजवणं म्हणावं?" दाराला कडी घालत बायको मनकर्णा विचारायची.

"निजामाच्या राज्यात असंच वाजवतेत. ऐकणाऱ्याला तकलीफ न्हाई."

सप्टेंबरात ते राज्य गेलं. चौकात झेंडा चढला, सारं गाव जमलं आणि पेटी मधोमध मांडली गेली. मास्तरांनी डोळे मिटले. बोटं झरझर फिरू लागली, एकही पट्टी चुकली नाही. गाव मात्र एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागलं.

"मास्तर, वाजवा की!" माणिकरावाचा भाऊ सोनाजी ओरडला. "आता काहून भेता?"



"हळू बोल रे," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "वाजवूनच तर राहिलो."