कागदावरचे सव्वीस

"बावन्नातून अडतीस गेले, उरले सव्वीस," मुलगी म्हणाली आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

ताईने चेहरा तसाच ठेवला. उत्तर बरोबर असो वा चूक, तपासनिसाची भुवईसुद्धा हलता कामा नये, असं तिला बजावलेलं होतं. तिचा हा पहिलाच दिवस. एकेका मुलाला समोर बसवायचं, गणितं घालायची आणि गाडी कुठे अडते ते पाहायचं, एवढंच काम. खुर्च्या मात्र मुलांच्या मापाच्या होत्या, त्यामुळे तिचे गुडघे सारखे टेबलाला आपटत होते.

शाळेला सुट्टी होती. वर्गाचा गलका नको म्हणून नव्या माणसाची पहिली तपासणी सुट्टीच्याच दिवशी ठेवायची, ही मोठ्या बाईंची पद्धत. मोठ्या बाई म्हणजे या तपासणी विभागाच्या प्रमुख. त्या मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. आज माती खाल्लीस तर उद्यापासून येऊ नकोस, हे त्यांनी सकाळीच हसत हसत सांगून टाकलं होतं.

"घरी तुला काय म्हणतात गं?" ताईने विचारलं.

"बटण."

"का बरं?"

"लहानपणी वाटोळी होते. आता नाहीये."

खरंच नव्हती. पोरीने चांगलीच उंची गाठली होती. गणवेशाच्या बाह्या दंडात रुतल्या होत्या. या वयात मुलांचे कपडे रात्रीतून आखूड होतात, ताईच्या मनात आलं.

तिने पुढची वजाबाकी लिहिली. त्रेसष्ट वजा सत्तावीस. बटणने कानाची पाळी चोळत थोडा विचार केला.

"चव्वेचाळीस."

मग ऐंशी वजा सेहेचाळीस.

"सेहेचाळीस."

जेवढे गेले तेवढेच उरले? ताईच्या ओठांवर आलेला प्रश्न तिने गिळला. सूचक प्रश्न विचारायचा नाही, हाही नियमच होता.

तीन उत्तरं चुकली. तीन चुकली की थांबायचं, 'कच्ची' या चौकोनात खूण करायची आणि मुलाला पाठवून द्यायचं. ताईने पेन उचललं.

"मला आता कच्च्यांच्या वर्गात बसवणार ना?" बटण टेबलाकडे बघत म्हणाली. "माझी मैत्रीण इथेच राहील. ती माझ्याशिवाय कुणाशी बोलतच नाही."

ताईने पेनाला टोपण लावलं.

"बावन्नाचं कसं केलंस? मला सांग ना."

"आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. झाले सव्वीस."

"आठ तर खाली लिहिलाय."

"असेना का खाली! लहानातून मोठा जात नाही. वर्गात बाई रोज घसा फोडून सांगतात."

ताईला हसू फुटायला आलं, ते तिने गालातच दाबलं. ही कसली चूक? ही तर शिस्त होती. बाईंचा शब्द पोरीने खाली पडू दिला नव्हता.

मागून मोठ्या बाई खाकरल्या.

ताई उठली. कपाटात काड्यांचा डबा होता. दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. तिने पाच गठ्ठे आणि दोन काड्या टेबलावर मांडल्या.

"या झाल्या बावन्न. यातल्या अडतीस मला दे."

बटणने तीन गठ्ठे पुढे सरकवले. चौथ्याचं रबर काढून मनगटात अडकवलं आणि त्यातल्या आठ काड्या ताईच्या हातावर ठेवल्या. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"तुझ्याकडे किती उरल्या?"

"चौदा."

"आणि कागदावर?"

"सव्वीस."

"मग खरं कुठलं?"

बटणने पुन्हा पाळी चोळली. "कागदावर कागदाचं. काड्यांत काड्यांचं."

"शहाणी माझी ती," ताईच्या तोंडून निघून गेलं. भुवयांचा नियम तर आता मोडलाच होता. तिने 'कच्ची'चा चौकोन कोरा सोडला आणि समासात लिहिलं: वजाबाकी समजते. एक वाक्य चुकीच्या जागी घट्ट बसलं आहे, ते काड्या वापरून सोडवावं. वर्ग बदलू नये.

मोठ्या बाई उठून आल्या. त्यांनी कागद वाचला.

"तीन चुकली की थांबायचं, असं सांगितलं होतं ना?"

"हो, बाई."

"मग?"

"ही तीन वेळा केलेली एकच चूक आहे, बाई. थांबले असते तर ती मला दिसलीच नसती."

"नोकरी हवीय की नकोय?"

"हवीय. अगदी गरजेची आहे," ताई म्हणाली, पण कागद तिने परत मागितला नाही. "तरी त्या चौकोनात खूण माझ्या हातून होणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

मोठ्या बाई कानाची पाळी चोळत उभ्या राहिल्या. मग इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"हं, बोल."

बटण खुर्चीत ऐसपैस मागे रेलली.

"यांनाच घे, आजी. आधीच्या तिघांपैकी एकानेही मला 'कसं केलंस' म्हणून विचारलं नव्हतं. आता हा तिसरीतला गणवेश बदलू का? काखेत काचतोय."