बुडापेस्टची चौकशी

"बुडापेस्टची लोकसंख्या किती?" फोनवर एका म्हाताऱ्याने विचारलं.

सुनेत्राने विश्वकोशाचा खंड काढला, पान शोधलं. "वीस लाखांच्या आसपास."

"थँक यू. उद्या पुन्हा करीन." त्याचं इंग्रजी सावकाश, तुटक होतं. तिला तेच बरं वाटलं. बाकीच्यांचं झपाझप बोलणं तिला दोनदा विचारावं लागायचं.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या लायब्ररीत नोकरीला लागून तिला अठरा दिवस झाले होते. लोकांनी फोनवर माहिती विचारायची, तिने पुस्तकात बघून सांगायची. पण फोन दिवसाला एखादाच यायचा. तिचा नवरा मोहन सोमवारी सकाळी ओहायोतल्या कारखान्यात जायचा, तो शुक्रवारी परत. मधले चार दिवस तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे, इंग्रजीही फारसा नाही. तिने डिसेंबरचं नागपूरचं तिकीट काढायला लावलं होतं. परत यायचं की नाही, हे तिने मोहनला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला फोन आला. नदी कुठली? डॅन्यूब. मग पहिला कायमचा पूल कधी झाला? १८४९. तिसऱ्या दिवशी शहर कधी एक झालं? बुडा, ओबुडा आणि पेस्ट मिळून, १८७३.

"बुडा कुठल्या काठावर?"

"पूर्वेच्या."

"पुन्हा एकदा बघता, प्लीज?"

तिने पाहिलं. "सॉरी. पश्चिमेच्या. डोंगर आहेत तो भाग."

"हरकत नाही. तुमच्या गावाला नदी आहे?"

"आहे. नाग नदी. आता नुसता नाला झालाय." ती हसली, आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं. मग तिने अंबाझरीचा तलाव सांगितला, उन्हाळ्यात गच्चीवर घालायच्या गाद्या सांगितल्या. तो मधे मधे विचारत राहिला. पुस्तकात त्यातलं काहीच नव्हतं.

त्याने नाव सांगितलं, स्टीव. बिचारा एकटा असेल, असं तिला वाटायचं. कुठेही जाता येत नाही म्हणून एका शहराबद्दल वाचून घेत असेल. त्याच्यासाठी ती लवकर येऊन पुस्तकं काढून ठेवू लागली. तापाने फणफणत होती तेव्हाही तिने सुट्टी घेतली नाही. म्हाताऱ्याने तीनला फोन केला आणि कुणी उचलला नाही तर?

ऑक्टोबरात मोहनने विचारलं, "अगं, तिकिटाचं काय? कन्फर्म करू?"

"कॅन्सल करा," ती म्हणाली. "माझ्या फोनवर एक आजोबा असतात. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही."

नोव्हेंबरात एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी ती तीनपासून पाचपर्यंत रिसिव्हरकडे बघत बसली. त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता.

गुरुवारी एक पन्नाशीची बाई पुस्तकं परत करायला आली. नेमप्लेट वाचून थांबली.

"तुम्हीच फोनवरच्या सुनेत्रा? मी स्टीवची मुलगी. पप्पांना माझ्या भावाकडे क्लीव्हलंडला नेलं. जिने चढवत नाहीत आता. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

सुनेत्राला हायसं वाटलं. "बरे आहेत ना? त्यांना म्हणावं, पुढचं पुस्तक मी काढून ठेवलंय. एकदा तरी त्यांना बुडापेस्ट दाखवायला हवं हो. किती हौस आहे!"

बाईने हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली.

"पप्पांना? त्यांनी बुडापेस्टच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवलाय." तिने आवाज खाली आणला. "सप्टेंबरात ते इथे आले होते, तेव्हा तुम्ही या टेबलापाशी रडत होतात. घरी येऊन म्हणाले, त्या मुलीशी रोज कुणीतरी बोलायला हवं."