टोपीखालचा दिवा

"बेल आहे ना? मग हा दिवा कशाला?" प्रल्हादरावांनी विचारलं.

इंजिनाच्या केबिनमध्ये उकिडवा बसून गिरीश शेवटचा स्क्रू पिळत होता. दिवा लिंबाएवढा, लालभडक, आणि बरोबर प्रल्हादरावांच्या सीटसमोर. "असू दे, बाबा," त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून तो मोठ्यानं म्हणाला. हल्ली जावई त्यांच्याशी असाच बोलायचा, लहान मुलाला समजावल्यासारखा. प्रल्हादरावांना त्याचाही राग यायचा.

बॉयलरमधलं पाणी कमी झालं की दिवा आणि बेल जोडलेली गिरीशची ही डबी आपोआप बोंबलणार होती. ड्रायव्हर वॉल्टनं गिरीशच्या पाठीवर थाप मारली. "जीनियस!" म्हणाला. ती थाप प्रल्हादरावांच्या काळजाला लागली. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चारमध्ये, ती त्यांच्या पाठीवर पडली होती.

भुसावळला वाफेच्या इंजिनावर त्यांची तीस वर्षं गेली. बॉयलरला शिशाचा प्लग असतो. पाणी आटलं की तो वितळतो आणि त्याबरोबर ड्रायव्हरची अब्रूही जाते. प्रल्हादरावांची कधी गेली नव्हती. पण इथे, अमेरिकेतल्या कॅरीत, ते नुसते आश्लेषाचे बाबा होते. लेक-जावई आठ वाजता दोन गाड्या घेऊन ऑफिसला गेले की दिवसभर टीव्ही पुटपुटायचा आणि त्या लांबलचक रस्त्यावर एक कुत्रं भुंकायचं नाही. माणूस असल्यासारखं वाटायचं ते फक्त रविवारी. गावाबाहेर हौशी मंडळींनी जपलेल्या पाच मैलांच्या रेल्वेवर कोळसा आणि पाणी त्यांच्याकडे असायचं. पहिल्या भेटीत त्यांनी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून बॉयलरमधलं पाणी सांगितलं होतं. वॉल्टनं तिथल्या तिथे स्वतःची टोपी काढून त्यांना घातली आणि 'चीफ' म्हणून हाक मारली.

यंदा पुन्हा आले, आणि थोड्याच दिवसांत जावई गॅरेजमध्ये ही डबी जोडत बसू लागला. दोन महिने रोज, ऑफिसातून आल्या आल्या. ते पाहून प्रल्हादराव आतल्या आत जळत होते. याला नोकरी आहे, घर आहे, दोन गाड्या आहेत. माझा एक रविवार होता, तोही बघवला नाही याला! चांगलं पोरगं म्हणून मुलगी दिली, आणि त्यानं सासऱ्याच्या जागी डबी आणून बसवली.

"गिरीशराव," ते म्हणाले, "वॉल्टला सांगा, पाण्याची पातळी दाखवणारी काच झाकायची. तुमची डबी अन् माझे कान. बघू कोण आधी बोलतं."

"बाबा, नको ना यार... म्हणजे, प्लीज. सिंपल टेस्ट आहे."

"भ्यालात?"

गिरीश वॉल्टकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातला रुमाल काढून काचेवर बांधला.

पाठीमागे दोन रिकामे डबे घेऊन इंजिन निघालं. उकडतंय असं दाखवून प्रल्हादरावांनी टोपी काढली आणि सरळ त्या दिव्यावर अडकवली. डबी बोंबलली तर बोंबलो, पण तिनं आपल्यावर डोळे वटारलेले त्यांना सहन झाले नसते.

इंजिन चढाला लागलं. बॉयलरच्या पोटावर पाणी तपासायची तोटी असते. उघडली की पाणी एका आवाजात येतं, वाफ दुसऱ्या. प्रल्हादरावांनी तोटी उघडली, कान लावला. "आहे." थोड्या वेळानं पुन्हा. "आहे अजून." यंदा इंजिनही मवाळ झालंय, त्यांच्या मनात आलं, पूर्वीसारखं ओरडत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तोटी उघडली आणि डबीकडे पाहिलं. गप्प होती.

"आता!" ते ओरडले. "पाणी उतरलं! गिरीशराव, तुमची डबी मुकी निघाली! जिंकलो!"

कोणीच हसलं नाही. वॉल्ट एक कान तळव्यानं घट्ट दाबून उभा होता. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, कानठळ्या बसल्यावर होतं तसं. गिरीशनं हात लांब करून दिव्यावरची टोपी उचलली.

दिवा लालभडक पेटलेला होता.

प्रल्हादरावांनी विचारलं, "केव्हापासून?"

"तीन मिनिटं झाली," गिरीश त्यांच्या कानाशी आला. "वॉल्टनं इंजेक्टर पण ऑन केलाय."

बॉयलरमध्ये पाणी ओढायला लागला की इंजेक्टर गातो. शंभर आवाजांतून ते गाणं ओळखणारे प्रल्हादराव. त्यांनी पाइपला हात लावला. पाइप थरथरत होता. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ते म्हणाले. जावयाला त्यांनी पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"जुलैमध्ये क्रॉसिंगपाशी वॉल्टनं तीनदा आवाज दिला तरी तुम्ही वळला नाहीत, बाबा. रेल्वेच्या कमिटीनं तेव्हाच डिसाइड केलं, तुम्हाला इंजिनावर चढू द्यायचं नाही. मी म्हटलं, दोन महिने थांबा."

दोन महिने प्रल्हादराव गॅरेजच्या दाराकडे पाठ करून जेवले होते.

"मग हा दिवा..."

गिरीशनं टोपी झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"बेल वॉल्टसाठी आहे, बाबा. दिवा तुमच्यासाठी."