झोपलेली माती

मिरजगावजवळच्या रानात शेततळ्यासाठी जेसीबी आला, तेव्हा रंगूआत्या कोपऱ्यातल्या बाभळीखाली जाऊन बसली. "हितं खणू नका. आपले चार बैल हितं पुरल्यात, काळपुळीच्या रोगानं मेलेले." बैल मेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. भाचा अजिनाथ म्हणाला, "आत्या, चाळीस वर्षं झाली. हाडांचीबी माती झाली आसंल." "न्हाई रे, झोपल्यात. सपनात मला त्यांची घुंगरं लांबून ऐकू येत्यात." त्यानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्यांचं ऐका. काळपुळीचे जंतू जनावराच्या अंगात एकाचे दोन, दोनाचे चार होतात. उपाशी पडले की कवच पांघरून मातीत वर्षानुवर्षं झोपतात. गुरांच्या पोटात गेले की जागे होतात." अजिनाथनं जेसीबी दुसऱ्या टोकाला पाठवला आणि तो आत्याशेजारी टेकला. "नावं काय हुती बैलांची?" "पवळ्या..." एवढंच म्हणून आत्या त्यांच्यासाठी चाळीस वर्षांत पहिल्यांदा रडली.